शुक्राणूच्या पुच्छाचे कोडे

१६७७ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथील कापडाचे व्यापारी लेव्हेनहुक यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीस एक पत्र लिहिले. स्वतः घडविलेल्या भिंगातून पाहताना त्यांना पुरुषाच्या वीर्यात असंख्य सूक्ष्म जीव आढळले होते. वाम मासा पाण्यात वळवळत जावा, तसे ते पुच्छ हलवीत पुढे सरकत. विषय संकोचाचा, म्हणून विद्वज्जनांना किळस येईल असे वाटल्यास हे पत्र प्रसिद्ध करू नये, अशी मुभाही त्यांनी दिली होती.

पुच्छ असे दिसले खरे. परंतु ते हलते कशाने, हे कळण्यास जवळजवळ तीनशे वर्षे जावी लागली. मानवी शुक्राणूची लांबी मिलिमीटरचा सुमारे विसावा भाग. त्याच्या पुच्छाची आंतररचना इतकी बारीक, की साध्या सूक्ष्मदर्शकाला ती उकलणे शक्यच नव्हते. १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने हे दार उघडले. पुच्छाच्या आडव्या छेदात मध्यभागी दोन नलिका आणि त्यांच्याभोवती नलिकांच्या नऊ जोड्या, अशी रेखीव मांडणी दिसली. स्वीडनचे ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी १९५९ साली सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या शुक्राणूंत या जोड्यांना फुटलेले चिमुकले बाहू दाखविले. हे बाहू ज्या प्रथिनाचे बनलेले असतात, त्याला १९६५ साली इयन गिबन्स यांनी ‘डायनीन’ हे नाव दिले.

श्रोतेहो, आता प्रश्न उरला तो असा : या नलिका स्नायूप्रमाणे आखडतात, की एकमेकींवरून घसरतात? १९७१ साली समर्स व गिबन्स यांनी पुच्छाचे आवरण काढून आतील बंध एका पाचकरसाने सैल केले आणि एटीपी हे ऊर्जाद्रव्य घातले. तत्क्षणी नलिका एकमेकींवरून सरकत बाहेर आल्या. अखंड पुच्छात मात्र बुडाची बांधणी व आतील बंध त्यांना मोकळेपणी सरकू देत नाहीत. त्यामुळे घसरण्याचे रूपांतर वाकण्यात होते. बांधीव ग्रंथ वाकविताना त्याची पाने एकमेकांवरून सरकतात, त्याचाच हा उलट प्रकार होय. हे वळण बुडाकडून शेंड्याकडे लाटेसारखे धावते आणि शुक्राणू पुढे जातो.

या ज्ञानाचे मोल १९७६ साली प्रकट झाले. ज्यांचे शुक्राणू जिवंत असूनही निश्चल होते, अशा काही पुरुषांच्या पुच्छांत डायनीनचे बाहूच नसल्याचे आफ्झेलियस यांनी दाखविले. श्वासनलिकेतील कफ वर लोटणाऱ्या केसरांची रचनाही अशीच असते. म्हणून हे पुरुष खोकला व सर्दीनेही जन्मभर पीडित होते. वैद्यांना जे दोन निराळे विकार वाटत, त्यांचे मूळ एकच निघाले.

अपत्य नाही म्हणून स्त्रीलाच दोष देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी. त्या दोषाचे कारण कधी कधी पुरुषाच्या बीजातील एका अदृश्य बाहूच्या अभावात असते, हे या इतिहासाने सप्रमाण दाखविले आहे.