घाटावरचा समुद्र : रीफ टाकीची कुळकथा

शिरोली एमआयडीसीपासून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर आहे. तरीही शिरोलीत पडलेला पाऊस त्या समुद्राला मिळत नाही. तो पंचगंगेत उतरतो, नृसिंहवाडीला कृष्णेत जातो आणि सारं दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला लागतो. मध्ये सह्याद्री आडवा आहे. अशा ठिकाणी, फाउंड्रीच्या भट्ट्या आणि लेथच्या शेजारी, एखाद्या शेडच्या केबिनमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी मांडायची म्हटली, तर आज ती समुद्राचा एक थेंबही न आणता मांडता येते. मीठ पिशवीतून येतं, पाणी आरओतून, ऊन एलईडीतून, लाटा पंपातून. मासेही हॅचरीत जन्मलेले मिळू शकतात.

हे सगळं एका माणसाने एका बैठकीत शोधलेलं नाही. समुद्र लांब असल्यामुळे कुणाची तरी अडचण झाली आणि त्या अडचणीतून टाकीचा एकेक भाग जन्माला आला. या कुळाची प्रत्येक पिढी समुद्रापासून एक पाऊल दूर सरकली. हे दूर जाणंच या छंदाची सर्वांत मोलाची कमाई आहे, असं मला वाटतं.

मूळ पुरुष शोधायला जावं तर दोन बायका भेटतात. पहिली जान व्हिलप्र-पॉवर. फ्रान्समधल्या लहानशा गावातून आलेली, शिवणकामावर पोट भरणारी ही बाई लग्नानंतर सिसिलीतल्या मेसिना बंदरात राहायला गेली. ऑक्टोपसच्या कुळातला आर्गोनॉट हा प्राणी आपलं कवच स्वतः बनवतो की दुसऱ्याचं बळकावतो, यावर तेव्हा वाद होता. मेलेल्या नमुन्यांवरून तो सुटणार नव्हता. म्हणून १८३२च्या सुमारास तिने काचेच्या टाक्या करून घेतल्या, जिवंत आर्गोनॉट त्यांत ठेवले आणि ते आपलं कवच स्वतःच घडवतात आणि दुरुस्तही करतात, हे सिद्ध केलं. पण समुद्र तिच्या दारात होता. पाणी बदलायला केव्हाही मिळत होतं.

दुसरी ॲना थिन. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या धर्माधिकाऱ्याची ही पत्नी. १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून तिने जिवंत प्रवाळ लंडनला आणले. तिथे समुद्र नव्हता. आणलेलं खारं पाणी बेताचं होतं आणि शिळं झालं की आतला जीव गुदमरणार होता. तिने उपाय काढला तो हाताचा. उघड्या खिडकीपाशी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात ओतत राहायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. रोज अर्धा-पाऊण तास हे काम घरातली मोलकरीण करत असे. पुढे थिनने त्यात समुद्री शेवाळ घातलं, की ते उजेडात प्राणवायू सोडत राहील. तिचे प्रवाळ तीनेक वर्षं जगले. आजच्या टाकीतला एअरपंप आणि वेव्हमेकर जे करतात, ते काम आधी त्या मोलकरणीच्या मनगटाने केलं. तिचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण या कुळकथेत तिला जागा हवीच.

यानंतर रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८५०च्या आसपास मासा, वनस्पती आणि गोगलगाय यांचा समतोल साधून दाखवला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचं या विषयावरचं पुस्तक आलं आणि इंग्लंडला खाऱ्या टाकीचं वेडच लागलं. याच गॉसने समुद्राचं पाणी घरी बनवायची कृती दिली. ब्रायटनजवळच्या समुद्रजलाचं पृथक्करण त्याने आधाराला घेतलं आणि साधं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढ्या चार वस्तूंवर काम भागवलं. चुन्याचे क्षार त्याने सोडून दिले. त्यांचं प्रमाण थोडं, एक तर नीट विरघळतही नाही, आणि तळाशी शंख-शिंपल्यांचे तुकडे असतातच, असा त्याचा हिशोब होता. मासे, समुद्रफुलं यांचं त्यावर भागलं. प्रवाळाचं भागलं नसतं, कारण प्रवाळाचं घर चुन्याचंच असतं. ही राहिलेली जागा भरायला पुढे शंभराहून जास्त वर्षं गेली.

त्या वेडाची दुसरी बाजू काळी आहे. माणसांनी बरण्या घेऊन किनारे गाठले आणि खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉसला स्वतःला याचं दुःख झालं, असं त्याच्या मुलाने पुढे लिहून ठेवलं. घरी समुद्र हवा म्हणून समुद्रच लुटायचा, हा डाग या कुळाला पहिल्याच पिढीत लागला.

मिठाचा प्रश्न सुटला तो जहाजावर. १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर हे ब्रिटिश जहाज जगभरच्या समुद्रांत फिरलं. तिथून आणलेले ७७ नमुने विल्यम डिटमार याने तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले : पाणी कुठे जास्त खारट असो, कुठे कमी, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे सारखंच असतं. म्हणजे समुद्राची एकच कृती आहे. सोडियम आणि क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के, उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि इतर. १९६०च्या दशकात अमेरिकेत हे मिश्रण तयार पिशवीत विकायला आलं आणि समुद्र किनाऱ्यावाचून कुठेही नेता येऊ लागला.

कोल्हापूरकराच्या मनात इथे रास्त शंका येते : एवढं महाग सॉल्ट कशाला, शिरोड्याच्या मिठागराचं जाडं मीठ आणून पाण्यात विरघळवलं तर? मीठ समुद्राचंच तर आहे. पण मिठागरात पाणी आटत जातं तसे क्षार पाळीपाळीने वेगळे होतात. आधी चुन्याचे क्षार तळाला बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं. ते पाणी काढून टाकतात, म्हणून तर मीठ खाण्याजोगं होतं. हाती येतो तो समुद्राचा एकच भाग. पाण्यात घातला तरी समुद्र परत होत नाही. तयार सॉल्ट लिटरमागे ३५ ग्रॅमच्या थोडं वर लागतं, म्हणजे ३०० लिटरच्या टाकीला ११ किलोच्या आसपास. ते आरओच्या पाण्यातच कालवायचं, कारण बोअरच्या जड पाण्यात आपले वेगळेच क्षार असतात आणि डिटमारचं प्रमाण तिथेच बिघडतं.

आपल्याकडे हा समुद्र आधी किनाऱ्यावरच पाहायला मिळाला. मद्रासच्या मरीना किनाऱ्यावर १९०९ मध्ये मत्स्यालय उघडलं. मुंबईत मरीन ड्राइव्हवर पारशी दानशूर तारापोरवाला यांच्या देणगीतून मत्स्यालय उभं राहिलं आणि १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. मराठी माणसांच्या कितीतरी पिढ्यांनी समुद्राच्या पोटातले रंग पहिल्यांदा तिथल्या काचेआड पाहिले. घाटावरच्या मंडळींना त्याहून जवळचं म्हणजे रत्नागिरीचं कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे आणि मत्स्यालयही. पण ही सगळी ठिकाणं समुद्राला खेटून आहेत. टाकी घाट चढून वर यायला अजून एक पिढी हवी होती.

ती पिढी बर्लिनची. त्याआधी, १९६१ मध्ये, इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी समुद्रातला जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवल्याचं लिहिलं होतं. तो दगड फक्त शोभेचा नव्हता. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो आणि उरलेल्या खाद्यातूनही होतो. तो विषारी असतो. दगडावरचे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि दगडाच्या आत, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले दुसरे जिवाणू नायट्रेटचा वायू करून सोडतात. पण जाकार्ताचं ऊन आणि ताजं समुद्रजल युरोपात कुठून आणायचं? बर्लिनच्या छांदिष्टांनी १९७०-८०च्या दशकांत त्याच दगडाला तीन गोष्टींची जोड दिली : जोरदार दिवे, स्किमर आणि चुना.

यातल्या दोन गोष्टी कोल्हापूरच्या माणसाला गुऱ्हाळात आधीच भेटलेल्या आहेत. काहिलीत रस उकळू लागला की भेंडीचा चिकट रस घालतात, घाण फेसाला धरून वर येते आणि गुळव्या ती मळी झाऱ्याने काढून टाकतो. रसात चुनाही बेताने घालतात. स्किमरमध्ये याच धर्तीवर मळी काढली जाते, फक्त न उकळता आणि अखंड. उभ्या नळीत पाण्याला बारीक बुडबुड्यांचा मारा होतो. पाण्यातल्या कुजण्याजोग्या सेंद्रिय पदार्थांच्या रेणूंचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाणी टाळतं. असे रेणू बुडबुड्याच्या अंगाला चिकटतात, फेस होऊन वर चढतात आणि वरच्या कपात काळपट, उग्र वासाचं पाणी साचतं. कुजून अमोनिया व्हायच्या आधीच घाण टाकीबाहेर पडते.

चुना आणला तो पीटर विल्केन्स या जाणकाराने. उडालेल्या पाण्याची भरपाई त्याने चुन्याच्या निवळीने करायला सांगितलं. चुना पाण्यात कालवायचा, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. पानाच्या डबीतला चुना ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. पण या निवळीने गॉसने सोडलेली जागा भरली. कॅल्शियम लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर टिकू लागलं आणि प्रवाळ टाकीत नुसते तग धरून न राहता वाढू लागले.

दिव्यांचं कारण प्रवाळाच्या अंगात आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उजेडात साखर करून यजमानाला पुरवतं. म्हणून रीफच्या, म्हणजे प्रवाळांच्या, टाकीला भर दुपारचा उजेड लागतो. तो आधी मेटल हॅलाइडच्या तापट दिव्यांनी दिला, आता एलईडी देतात. पाणी फार तापलं की हे शैवाल सोडून जातं, प्रवाळ पांढरा पडतो आणि ताप लांबला तर उपाशी मरतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातलं चौथं मोठं प्रवाळ-विरंजन जाहीर केलं. त्या उन्हाळ्यात आपलं लक्षद्वीपही होरपळलं. टाकीत २६ अंश राखायला काय यातायात पडते हे ज्याने अनुभवलंय, त्याला ही बातमी जास्त लागते.

शिरोलीत ती यातायात ठरलेलीच. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली पाणी सहज तिशी ओलांडेल. पृष्ठभागावर पंखा सोडला तर एक लिटर पाणी उडताना जेवढी उष्णता नेतं, तेवढ्यात शंभर लिटर पाणी पाच-सहा अंशांनी उतरावं. पण पावसाळ्यात कोल्हापूरची हवा ओलीगच्च असते. पाणी फारसं उडत नाही, तेव्हा चिलर हवा. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करायची. वर्कशॉपमध्ये हाताशी असणारा पितळी कॉक किंवा तांब्याची नळी इथे वर्ज्य : तांब्याचा अंश शंख, झिंगे, प्रवाळ यांना विष ठरतो. ग्राइंडिंगच्या धुळीसाठी झाकण आणि वीज गेली तर हवेच्या पंपाला बॅटरी, हेही आधीच मांडून ठेवायचं.

आता टाकीत सोडायचं काय, हा या कुळकथेचा शेवटचा आणि मला सर्वांत जवळचा भाग. १९६०च्या दशकापासून फिलिपाइन्समध्ये सायनाइड फवारून, गुंगी आणून रीफचे मासे धरले जाऊ लागले. त्यात प्रवाळही मेले. आपल्याकडे २००१ मध्ये रीफ बांधणारे प्रवाळ, समुद्रघोडे, काही शंख-शिंपले वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले, म्हणजे त्यांना वाघाइतकंच संरक्षण मिळालं. म्हणून समुद्रातून उपटलेला प्रवाळ किंवा त्याचा दगड शिरोलीच्या टाकीत नको. दगड सिमेंट-वाळूचा ओतावा आणि त्याचा जास्तीचा चुना उतरेपर्यंत आठवडेच्या आठवडे पाण्यात मुरवावा. जिवाणू त्यावरही बसतात. टाकीचं सायकलिंग, म्हणजे या जिवाणूंचं बस्तान, बसायला महिना-दीड महिना द्यावा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की पहिली जोडी क्लाउनफिशची. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडात मार्टिन मो यांनी हा मासा व्यापारी प्रमाणात बंदिस्त टाक्यांत वाढवला. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या हॅचरीचं तंत्र बसवलं, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही अशी हॅचरी आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना आधी डोळ्यांना जेमतेम दिसतील असे रोटिफर, मग आर्टेमिया भरवून ती वाढवतात. सगळी नर म्हणून जन्मतात; जोडीतला मोठा मासा मादी होतो. नीट सांभाळली तर ही जोडी वीस वर्षंही जगू शकते.

प्रवाळ पाहायचेच असतील तर मालवणला जावं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास ते जिवंत आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे, आणि विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर आत, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा आंग्रिया बँक हे मोठं प्रवाळ-पठार आहे. त्यांची जागा तीच. ज्या छंदाने इंग्लंडचे किनारे ओरबाडले, तो आज समुद्रातून काहीही न घेता पुरा करता येतो, इतकं तंत्र दोन शतकांत जमा झालं आहे. ते वापरायचं की नाही, हे प्रत्येक टाकीवाल्याच्या हातात आहे. म्हणून दुकानात गेल्यावर भावाच्या आधी एक विचारावं : हा मासा धरलेला आहे की हॅचरीतला? सरळ उत्तर मिळालं नाही, तर टाकी आणखी महिनाभर रिकामी ठेवावी, पण तो मासा घेऊ नये.