गायनशाळेपासून विद्यापीठापर्यंत

मुलाने किंवा मुलीने कलेचे शिक्षण घ्यायचे म्हटले की आमच्या घरांत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पोट कसे भरणार, हा पहिला. आणि हे आपल्यात चालते का, हा दुसरा. संगीत आणि चित्रकलेविषयी उलेमांत मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. तो वाद इथे सोडवायचा नाही. पण विद्यापीठातले कलाशिक्षण म्हणजे परक्यांचे अंगण, असे जे आपण धरून चाललो आहोत, ते इतिहासाशी जुळत नाही.

आमचे यावल एकेकाळी हातकागद आणि निळीसाठी नावाजलेले होते. महाराष्ट्रात हातकागदाचा हुनर बहुतांशी मुसलमान कागदी घराण्यांकडे होता. बापाने मुलाला शिकवायचा, मुलाने नातवाला. गिरणीच्या कागदापुढे हा धंदा मोडला आणि घरातली विद्या घरातच संपली. तिला शाळा मिळाली नव्हती.

संगीताचे नशीब थोडे वेगळे ठरले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १८८६ साली गायनशाळा काढली, ती उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाती. घराण्याची चीज बाहेर जाऊ नये म्हणून जपण्याचा तो काळ. मौलाबक्षांनी स्वरलिपी तयार केली, पुस्तके छापली आणि ज्याला शिकायचे त्याला वर्गात बसवले. सुफी विचार पश्चिमेत नेणारे हजरत इनायत खान हे त्यांच्याच मुलीचे चिरंजीव. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तीही बडोद्यातच. १९४९ साली विद्यापीठ झाले आणि मौलाबक्षांची शाळा पुढे त्याच्या संगीत विभागात सामावली. आज तिथे पदव्युत्तर पदवी घेणारा विद्यार्थी एका उस्तादाने घातलेल्या पायावर उभा असतो.

चित्रकलेचा धागा तर आमच्या तालुक्यातून जातो. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच. अध्यक्ष पंडित नेहरू. मंडप सजवण्यासाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख नंदलाल बोस यांना बोलावले. बोस यांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या सामानातून टिळकनगर उभे केले. देशातला एक थोर कलाशिक्षक खानदेशच्या मातीत येऊन गावकऱ्यांच्या हुनराला मान देऊन गेला.

याच कलाभवनात शिकलेले शंखो चौधरी आणि के. जी. सुब्रमण्यन पुढे बडोद्याला शिकवू लागले. तिथे १९५० साली ललित कला विद्याशाखा सुरू झाली होती. चित्रकला विभागाची धुरा ना. श्री. बेंद्रे या मराठी चित्रकाराकडे होती. तिथूनच १९६१ साली एम.ए. झालेले गुलाम मोहम्मद शेख तिथेच कलेचा इतिहास शिकवत राहिले. नसरीन मोहम्मदी यांनी १९७२ पासून १९९० साली निधन होईपर्यंत तिथे अध्यापन केले. रेषांच्या अत्यंत संयमी कामासाठी आज जग त्यांना ओळखते. मुसलमान स्त्री विद्यापीठात कला शिकवते, ही आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट आहे.

मग अडले कुठे? आमच्या मते पदवीपाशी. पूर्वी तालीम पुरे होई. विद्यापीठात शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि नेट लागू लागले. उस्तादाच्या मुलाकडे विद्या होती, कागद नव्हता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत परंपरेने शिकलेल्या, आकाशवाणीच्या 'ए' श्रेणीच्या कलावंतांसाठी वेगळी वाट ठेवली आहे. ती किती घरांना ठाऊक आहे? नेटमध्ये संगीत, दृश्यकला, नाट्य हे विषय आहेत, हे किती पालक जाणतात?

पोटाचा प्रश्न खोटा नाही. पण शिक्षकाची नोकरी, रचनाकाराचे काम, संग्रहालय, रंगभूमी ही दारे पदवीनेच उघडतात. भुसावळहून सुरतमार्गे बडोद्याला रेल्वे जाते. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाला २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. यावल-फैजपूरच्या एखाद्या मुलीने बारावीनंतर हा अर्ज मागितला, तर निदान तो भरू द्यावा. यावलचा कागद गेला तसे तिच्या हातातले जाऊ नये, एवढेच आमचे मागणे.