गरोदरपणातील वजनवाढ

गरोदरपणातील वजनवाढ म्हणजे गर्भधारणेपासून प्रसूतीपर्यंत स्त्रीच्या वजनात होणारी स्वाभाविक वाढ होय. ही वाढ अपुरी राहिल्यास बाळ कमी वजनाचे अथवा अपुऱ्या दिवसांचे जन्मण्याचा धोका असतो. ती प्रमाणाबाहेर गेल्यास बाळ आकाराने मोठे होऊन शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागण्याची शक्यता वाढते. जन्मतः २.५ किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ 'कमी वजनाचे' मानले जाते.

स्वरूप

वाढलेले सर्व वजन चरबीचे नसते. त्यात बाळ, वार, गर्भजल, वाढलेले गर्भाशय व स्तन आणि मातेच्या शरीरातील वाढीव रक्त यांचा समावेश होतो. साठलेली चरबी पुढे स्तनपानाच्या काळात उपयोगी पडते. पहिल्या तीन महिन्यांत वाढ अल्प असते. उलट्यांमुळे काही स्त्रियांचे वजन किंचित घटतेही. त्यानंतर ती दर आठवड्याला सुमारे ४०० ग्रॅम इतकी होते.

प्रमाण

अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये गर्भधारणेपूर्वीच्या बॉडी मास इंडेक्सनुसार (बीएमआय) पुढील प्रमाण सुचविले. ते एकाच बाळाच्या गर्भधारणेस लागू आहे.

* १८.५ पेक्षा कमी : १२.५ ते १८ किलोग्रॅम
* १८.५ ते २४.९ : ११.५ ते १६ किलोग्रॅम
* २५ ते २९.९ : ७ ते ११.५ किलोग्रॅम
* ३० व त्याहून अधिक : ५ ते ९ किलोग्रॅम

भारतात सर्वसाधारण प्रकृतीच्या स्त्रीसाठी १० ते १२ किलोग्रॅम वाढ योग्य समजली जाते.

महाराष्ट्रातील अभ्यास

डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास केला. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलोग्रॅम होते, तर बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोग्रॅम भरले. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बाळे तुलनेने मोठी होती. शेतीची कष्टाची कामे करणाऱ्या मातांची बाळे लहान आढळली.

खानदेशातील आहार

जळगाव जिल्ह्याच्या मुक्ताईनगर परिसरात ज्वारी-बाजरीची व कळण्याची भाकरी, डाळी, शेंगदाणे, मेथी, पोकळा, अंबाडी आणि केळी हे पदार्थ सहज मिळतात. त्यांना दूध किंवा अंड्यांची जोड दिल्यास आहार चौरस होतो. दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत दररोज सुमारे ३५० किलोकॅलरी अधिक ऊर्जा लागते. 'दोन जीवांचे' म्हणून दुप्पट जेवण्याची गरज नसते. बाळ लहान राहून प्रसूती सुलभ व्हावी या समजुतीने जेवण कमी करणे मात्र घातक ठरते.

शासकीय सेवा

अंगणवाडीतून गरोदर मातांना पूरक आहार मिळतो. आदिवासी भागांसाठी राज्य शासनाने २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाअंतर्गत दर महिन्याच्या ९ तारखेस मोफत तपासणी होते. प्रत्येक तपासणीतील वजन माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदले जाते.

दक्षता

वजन काही आठवडे न वाढणे किंवा घटणे, तसेच ते एकाएकी वाढून चेहरा व हातांवर सूज येणे, तीव्र डोकेदुखी होणे अथवा अंधारी येणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. सूज व डोकेदुखी ही गरोदरपणातील उच्च रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. उपचारास विलंब झाल्यास माता व बाळ दोघांच्याही जिवास धोका संभवतो.