घरच्या संगणकावरील मराठी

महाराष्ट्रात संगणक घरोघरी येऊ लागले, तेव्हा नवे यंत्र जोडून झाल्यावरही ते मराठीसाठी सज्ज करण्याचे काम उरतच असे. १९९०च्या दशकात हे काम मुख्यतः फाँटांवर भागे. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवरच देवनागरीचे आकार बसवलेले असल्याने, एका घरी टंकलेले पत्र तोच फाँट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडले की रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी दिसे. वस्तुतः भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे मानक १९९१ साली ठरले होते, आणि जगभरच्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती; परंतु मानक घरच्या पडद्यावर उतरायला बरीच वर्षे गेली. विंडोज एक्सपीवर तर जोडाक्षरे नीट जुळावीत म्हणून भाषाविषयक पर्यायांत खूण करून मूळ सीडी घालावी लागे, आणि ती ऐन वेळी हाताशी असेलच असे नाही.

कळफलकाचा प्रश्न त्याहून चिवट ठरला. ‘इनस्क्रिप्ट’ या सरकारमान्य कळरचनेत स्वर डावीकडे आणि बहुतेक व्यंजने उजवीकडे असतात. ‘के’ची कळ दाबली की ‘क’ आणि शिफ्टसह ‘ख’, तर ‘एन’च्या कळीवर ‘ल’ आणि शिफ्टसह ‘ळ’ उमटतो. रचना तर्कशुद्ध खरी, तरीही टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना ती परकी वाटली, आणि अनेक नवख्यांनी उच्चारानुसार रोमन अक्षरे टंकण्याची सोपी वाट धरली. विंडोज व्हिस्टापासून जोडाक्षरांची सोय आपोआप मिळू लागली. मराठी कळफलक मात्र नव्या लॅपटॉपवर आजही बहुधा सेटिंगमध्ये जाऊन जोडावा लागतो.