शिडीसारख्या पट्ट्या

थायमसच्या पेशींना गॅमा किरण द्यायचे, काही तासांनी त्यांचा डीएनए अ‍ॅगरोज जेलवर चालवायचा आणि इथिडियम ब्रोमाइडने रंगवून अतिनील दिव्यावर धरायचा. खालपासून वरपर्यंत शिडीसारख्या नारिंगी पट्ट्या दिसतात. हे पाहून विद्यार्थी मला हमखास विचारतात, ‘मॅडम, किरणांनी इतकं मोजून कसं कापलं?’ किरणांचा घाव कुठेही बसतो. हे मोजमाप पेशीतल्या एन्झाइमचं आहे, आणि ते कळायला विज्ञानाला पाऊण शतक लागलं.

लाइपझिगचे शल्यवैद्य हेरमान हाइनेके यांनी १९०३ साली दाखवलं, की क्ष-किरणांनी प्राण्यांच्या लसिका ऊती (थायमस त्यांतलीच एक) काही तासांतच ढासळतात. का, याचं उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

ते उत्तर शोधण्याचं साधन १९७३ साली ऑस्ट्रेलियातून आलं, तेही किरणांशिवाय. डीन ह्यूइश आणि ली बर्गोइन यांनी उंदराच्या यकृतातली केंद्रकं वेगळी काढली. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळताच केंद्रकातलंच एक एन्झाइम जागं झालं आणि क्रोमॅटिन, म्हणजे प्रथिनांसह गुंडाळलेला डीएनए, कापू लागलं. जेलवर पट्ट्या आल्या त्या सर्वांत लहान तुकड्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा. नमुन्याची नासाडी म्हणून हे सहज टाकून दिलं गेलं असतं. त्या दोघांनी त्यातून क्रोमॅटिनची रचना वाचली. पुढच्याच वर्षी केंब्रिजमध्ये रॉजर कोर्नबर्ग यांनी ती स्पष्ट मांडली: आठ हिस्टोन प्रथिनं आणि सुमारे २०० बेसजोड्यांचा डीएनए मिळून एक मणी. एन्झाइम कापतं ते दोन मण्यांमधल्या उघड्या दोऱ्यावर.

१९७६ साली बर्नोच्या संशोधकांना तेच तुकडे किरण दिलेल्या प्राण्यांच्या लसिका ऊतींत सापडले. १९८७ साली आणखी एक धागा जुळला: प्रथिननिर्मिती रोखली, तर किरण देऊनही थायमसच्या पेशींत शिडी उमटत नाही; म्हणजे त्यात पेशीचाही हात असतो. १९९८ साली शिगेकाझू नागाता यांच्या गटाने मरणाऱ्या पेशीत डीएनए असा कापणारं कॅड हे एन्झाइम ओळखलं. एरवी त्याला एक प्रथिन जखडून ठेवतं; पेशीला मृत्यूचा आदेश सुटला की कॅस्पेस नावाचं दुसरं एन्झाइम ते प्रथिन तोडतं आणि कॅड मोकळं होतं.

‘किरणांनी पेशी मेली’ एवढं लिहून कोणी उत्तरपत्रिका दिली, तर मी पूर्ण गुण देत नाही. थायमसच्या पेशीत किरण डीएनए तोडतात हे खरं. पण त्या तुटीची दखल घेऊन स्वतःला संपवते ती पेशीच.