शक्तिमानचा बाण

लष्कराच्या लिलावातला जुना 'शक्तिमान' धाकट्या भावाने अंगणात आणून उभा केला, तेव्हा घरातल्यांनी कपाळाला हात लावला. मी पडलो इतिहासाचा मास्तर! जर्मनीच्या 'मान' कंपनीच्या परवान्यावर हा ट्रक जबलपूरला १९५९ पासून बनू लागला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्याने जवान वाहून नेले. १९९६ मध्ये उत्पादन थांबलं.

भावाने इंजिन उघडलं, हौद्यात बाकं बसवली. रंग खरवडताना नंबरावरचा वर टोक केलेला बाण दिसला, सैन्याच्या गाडीची खूण.

"पुसू ना, दादा?"

१९७१ ला अशाच गाडीतून सीमेवर गेलेला माझा वर्गमित्र परतला नाही. नवा नंबर लागेलच; पण जुनी पाटी आता आमच्या ओसरीवर आहे. गाडी बदलावी, तिचा इतिहास पुसू नये. तुम्हाला काय वाटतं?