आर भाषेतील कालांकित डेटा

आर भाषेतील कालांकित डेटा : प्रत्येक नोंदीसोबत तिची तारीख व वेळ असलेल्या डेटाचे, आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत होणारे वाचन आणि आलेखन. हवामानकेंद्राचे तापमान, वीजमीटरचे आकडे, शेअरचे भाव असा डेटा या प्रकारात मोडतो. यातले आलेखन सोपे आहे. चुका होतात त्या बहुधा वेळ वाचून घेतानाच, आणि त्या होताना संगणक सहसा हूं की चूं करत नाही.

रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात ही भाषा घडवली, तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. भाषेतला ‘टीएस’ हा वर्ग समान अंतराने घेतलेल्या नोंदींपुरता आहे. तारीख-वेळेच्या सर्वसाधारण वर्गांची ओळख ब्रायन रिप्ली व कुर्ट हॉर्निक यांनी २००१ मध्ये ‘आर न्यूज’मधील लेखात करून दिली. त्यांपैकी ‘पॉझिक्स-सीटी’ हा वर्ग १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून उलटलेले सेकंद एका संख्येत साठवतो. ‘पॉझिक्स-एलटी’ वर्ष, महिना, तास असे घटक सुटे ठेवतो. त्यात महिने ० ते ११ आणि वर्षे १९०० पासून मोजली जातात, म्हणून २०२४ हे साल १२४ असे दिसते. केवळ तारखांसाठी ‘डेट’ वर्ग आहे. तक्त्यात आणि आलेखात सीटी वापरणे सोयीचे. एलटी घटक काढून घेण्यापुरता बरा.

फाइलमधून येणारी वेळ ही आधी केवळ अक्षरांची ओळ असते. ‘स्ट्रपटाइम’ या फलनाला तिचा साचा सांगावा लागतो : टक्क्याचे चिन्ह आणि पुढे एक रोमन अक्षर. लहान एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिट. मोठा वाय चार अंकी वर्षासाठी, लहान वाय दोन अंकी वर्षासाठी. दोन अंकी वर्षांत ०० ते ६८ हे एकविसाव्या शतकात आणि ६९ ते ९९ विसाव्या शतकात धरले जातात. साचा जुळला नाही तर त्या जागी ‘एनए’, म्हणजे ‘मूल्य नाही’, येते. साचा दिलाच नाही तर प्रकार अधिक वाईट. आपल्याकडच्या पद्धतीने लिहिलेली ०३/०४/२०२४ ही तारीख ‘डेट’मध्ये तशीच टाकली, तर आर आधी वर्ष आहे असे समजून इसवी सन ३ मधील २० एप्रिल ही तारीख देते, उरलेले २४ गुपचूप गळून जातात. वेळांच्या स्तंभात मध्यरात्रीच्या एकाच नोंदीत नुसती तारीख असेल, तर सगळ्यांना बसणारा साचा शोधताना संपूर्ण स्तंभातील तास-मिनिटे नाहीशी होतात. गॅरेट ग्रोलमंड व हॅडली विकम यांच्या ‘लुब्रिडेट’ या पॅकेजमधील ‘डीएमवाय’, ‘वायएमडी’ ही फलने घटकांचा क्रम नावातच सांगतात. रोजच्या कामाला ती पुरेशी आहेत.

कालविभाग सांगितला नाही तर संगणकाचा स्थानिक विभाग गृहीत धरला जातो. त्यामुळे एकच प्रोग्राम पुण्यातल्या लॅपटॉपवर आणि यूटीसीवर चालणाऱ्या सर्व्हरवर वेगवेगळी उत्तरे देऊ शकतो. भारतातील दुपारी दोनचे, पण यूटीसीत नोंदलेले तापमान तसेच मांडले, तर आलेखात ते सकाळी साडेआठला दिसते. ‘आयएसटी’ हे लघुरूप भारत, आयर्लंड आणि इस्राएल तिघांचेही आहे, म्हणून ‘एशिया/कोलकाता’ असे पूर्ण नावच द्यावे. त्या नावामागे इतिहासही नोंदलेला असतो : सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या युद्धकाळात भारतातील घड्याळे यूटीसीच्या साडेसहा तास पुढे होती. लुब्रिडेटमधील ‘विथ-टीझेड’ क्षण तोच ठेवून घड्याळ बदलते, ‘फोर्स-टीझेड’ घड्याळ तेच ठेवून क्षण बदलते. या दोहोंची गल्लत झाली की तासांचा फरक पडतो.

दोन वेळांची वजाबाकी केल्यावर एकक आर स्वतः निवडते, कधी मिनिटे, कधी दिवस. एकक न सांगता त्या उत्तराची नुसती संख्या करून घेणे धोक्याचे.

आलेखासाठी मूळ ‘प्लॉट’ फलन पुरते. पॉझिक्स-सीटी दिसताच अक्षावर तारीख-वेळेच्या खुणा येतात. मात्र ते नोंदी क्रमाने लावत नाही, आणि विस्कळीत फाइलची रेघ पुढे-मागे धावते. ‘जीजीप्लॉट२’ची रेघ वेळेनुसार क्रम लावून घेते, आणि खुणांचे अंतर व लिखाण ‘स्केल-एक्स-डेटटाइम’ने ठरवता येते. दोन्हींत एक खोड सारखीच : नोंदीची ओळच नसेल तर मधला खंड सरळ रेघेने जोडला जातो, आणि बंद पडलेले यंत्र चालू असल्यासारखे भासते. भारतातील वीजवितरणाचे नियोजन दिवसाच्या ९६ पंधरा-मिनिटी भागांत होते. अशा डेटासाठी ‘सीक्’ फलनाने सर्व ९६ वेळा तयार करून त्यांच्याशी नोंदी जोडाव्यात. जिथे आकडा नाही तिथे ‘एनए’ राहते आणि रेघ तुटते. तुटलेली रेघच खरी माहिती देते, ती शोभेसाठी सांधू नये.